नुसती सोबतीला आलेली मीरा

वाचकाचं पत्र :

“मी सहा भागांची एक श्रुतिका लिहिली आहे. विज्ञानकथा आहे, पण घडते 1897 सालच्या पुण्यात, प्लेगच्या साथीत. एक प्रोफेसर कालयंत्रातून तिथे पोचतात. त्यांच्याबरोबर मीरा नावाची आजच्या काळातली तरुणी असते. यंत्र बिघडतं, दोघं अडकतात आणि जानेवारीपासून जूनपर्यंत एका वाड्यात राहून सगळं बघतात. रँडवर गोळी झाडली जाते त्या रात्री कथा संपते. वातावरण छान जमलंय, ऐकताना अंगावर येतं, असं सगळे म्हणतात. पण पहिल्या वाचनानंतर मीराचं काम करणारी मुलगी म्हणाली, ‘माझ्या वाट्याला “म्हणजे काय?”, “आता काय होणार?” आणि रडणं, एवढंच आहे. मी नसले तरी नाटक असंच्या असं चालेल.’ तेव्हा राग आला, पण घरी येऊन संहिता चाळली तर तिचं म्हणणं खरं निघालं. आता दोन उपाय सुचतात. एक, मीराला भूतकाळ द्यायचा : लहानपणी आई गेली, वडील प्यायचे, वगैरे. दुसरा, शेवटच्या भागात गणेशखिंडीच्या रस्त्यावर तिलाही गोळी लागते असं दाखवायचं, म्हणजे श्रोत्यांच्या लक्षात राहील. कुठला करू? की दोन्ही? ध्वनिमुद्रण तोंडावर आलंय. संहिता सोबत जोडली आहे.”

उत्तर :

दोन्ही नकोत. का ते सांगतो, पण आधी त्या मुलीचे आभार माना. पहिल्या वाचनानंतर बहुतेक नट “मस्त आहे” म्हणतात आणि घरी जातात. मग माइकसमोर त्यांना आलेला कंटाळा श्रोत्यांना नेमका ऐकू येतो.

संहिता वाचली. वातावरण जमलंय हे खरंच. दुसऱ्या भागात वाड्यातली बिऱ्हाडं एकेक करून गाव सोडतात, चौकातले आवाज कमी कमी होत जातात आणि शेवटी फक्त रहाटाची कुरकुर उरते, ती जागा उत्तम आहे. तिथे कुणी एक शब्द बोलत नाही आणि सगळं कळतं. म्हणजे कानाचं माध्यम तुम्हाला कळतं. अडचण मीराची आहे, आणि ती सुटली नाही तर चौथ्या भागापासून श्रोता हे वातावरण सहन करत बसेल.

भूतकाळाचा उपाय आधी निकालात काढू. ज्या वाड्यात आठवड्याला कुणाची तरी आई मरते आहे, तिथे मीराला आपली आई आठवून रडायला लावलंत तर श्रोता मनात म्हणेल, बाई, जरा आजूबाजूला बघ. शिवाय श्रुतिकेत भूतकाळ म्हणजे आणखी एक आठवणीचा प्रसंग, त्यात घुमणारा आवाज आणि मागे बासरी. तेवढी मिनिटं खर्च करून हाती काय लागणार, तर मीरा दुःखी आहे. ते तर ती आत्ताही आहेच. दुःख हा काही स्वभाव नाही.

मरणाच्या उपायाचा मला जास्त राग आला. 22 जून 1897 च्या त्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड 3 जुलैला मेला. हे महाराष्ट्रात शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे तिसरं प्रेत घुसवलंत तर श्रोत्याला मीराचं वाईट वाटायच्या आधी तुमची लबाडी दिसेल. आणि तिचं मरण कामाला येणार कुणाच्या? संहितेत त्यापुढची दोन पानं प्रोफेसरांच्या आक्रोशाची आहेत. म्हणजे मेल्यावरही ती प्रोफेसरांच्या स्वगताची सोय करूनच जाणार. जिवंतपणी जिची ओळख झाली नाही, तिची ओळख मरणाने होत नसते.

आता मूळ दुखणं. तुमच्या प्रोफेसरांना सगळं माहीत आहे. जानेवारीत वाड्यात पाऊल ठेवतानाच त्यांना जूनमध्ये काय होणार ते पाठ आहे. ही साथ त्यांनी वाचून संपवलेली आहे. म्हणून ते शांत असतात, हळहळतात आणि प्रत्येक भागात एकदा “मीरा, इतिहास बदलता येत नाही” असं म्हणतात. ठीक आहे, असतात अशी माणसं. पण मग या श्रुतिकेत असं एक तरी माणूस हवं, ज्याला काय होणार ते कळलंय आणि तरीही ते मान्य नाही. ती जागा मीराची आहे, दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही. वाड्यातल्या लोकांना पुढचं माहीत नाही, प्रोफेसरांनी ते पचवलंय, आणि मीरा मधोमध अडकली आहे. तुम्ही तिला तिथून उचलून प्रोफेसरांच्या बाजूला उभं केलंत आणि हातात एक प्रश्नावली दिलीत.

त्याचा परिणाम नीट बघा. उदास कथा मृत्यूंच्या संख्येने उदास होत नाही. तिसऱ्या प्रेतानंतर कान बधिर होतात. कुणीतरी अजून धडपडतंय आणि ते हरणार हे आपल्याला दिसतंय, तेव्हा आत काहीतरी तुटतं. तुमच्या संहितेत हरायला कुणी उभंच नाही, त्यामुळे सहा भाग आपण मृत्यूंची नोंदवही ऐकतो.

हा पेच तुमच्या आधीही लोकांना पडला आहे. बीबीसीवर 1963 साली ‘डॉक्टर हू’ ही टीव्ही मालिका सुरू झाली, तेव्हा त्या काळातून काळात फिरणाऱ्या म्हाताऱ्याबरोबर त्याची नात आणि तिच्या शाळेतले दोन शिक्षक होते. त्यातली बाई इतिहास शिकवणारी, पुरुष विज्ञान शिकवणारा. 1964 मध्ये ही मंडळी अ‍ॅझ्टेकांच्या राज्यात पोचतात. इतिहासाच्या बाईंना लोक देवतेचा अवतार समजतात आणि त्या नरबळी थांबवायला निघतात. म्हातारा नको नको म्हणत असतो. त्या ऐकत नाहीत आणि हरतात. दोन वर्षांनी पॅरिसमधल्या 1572 च्या कत्तलीवर एक कथा झाली. तीत म्हातारा एका मोलकरणीला त्या शहरात मागे ठेवून निघतो, म्हणून त्याचा सोबती चिडून चक्क यानातून चालता होतो. दोन्हीकडे इतिहास तसूभर बदलत नाही. पण दोन्हीकडे सोबती “नाही” म्हणतो. तुमची मीरा सहा भागांत एकदाही “नाही” म्हणत नाही. मी मुद्दाम शोधलं.

आता तिने “नाही” कशाला म्हणायचं, आणि कुणाच्या जिवावर? हे बाहेरून आणायची गरज नाही. तुमच्याच संहितेत पहिल्या भागात मीरा घड्याळ बघत म्हणते, “सकाळी सातला लॅब उघडायची असते, प्रोफेसर, मला उशीर होतोय.” म्हणजे ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. एवढं एक वाक्य लिहून तुम्ही ती लॅब जी बंद केलीत ती शेवटपर्यंत उघडली नाहीत. अहो, तुमचं नाटक प्लेगवर आहे आणि तुमच्या हातात लॅबमधली मुलगी आहे!

ही मुलगी रोज अनोळखी माणसांचे हात हातात घेते. घाबरलेल्याला बोलण्यात कसं गुंतवायचं, “काही दुखत नाही” हे धडधडीत खोटं सहज कसं बोलायचं, हे तिला येतं. नळीवर चुकीच्या माणसाचं नाव लागलं तर काय अनर्थ होतो ते तिला माहीत आहे, म्हणून ती नावं नेहमी दोनदा विचारत असणार. तिचा स्वभाव इथे आहे, मेलेल्या आईत नाही.

आणि तिला जे माहीत आहे, ते त्या पुण्यात कुणालाच माहीत नाही. प्लेगचा जंतू 1894 मध्ये हाँगकाँगला येर्सिन यांना सापडला होता. जानेवारी 1897 मध्ये मुंबईत हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. पण उंदराच्या अंगावरची पिसू हा दुवा पॉल-लुई सिमों यांनी कराचीत प्रयोग करून दाखवला तो 1898 साली, आणि त्यावरही लोकांचा विश्वास बसायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे तुमची श्रुतिका चालू असताना सरकार भिंतींना चुना फासतंय, सामान जाळतंय, माणसं उचलून छावणीत आणि इस्पितळात नेतंय. लोक आजारी माणसाला माळ्यावर, कोठीत लपवतायत. आणि मीराला ठाऊक आहे की मेलेल्या उंदरावरून उडालेली पिसू या दोघांच्याही हिशेबात नाही. तिला ना सरकारची बाजू घेता येते, ना वाड्याची. खोकणारा रुग्ण दिसला की तिचा स्वतःवरचा भरवसाही डळमळतो, कारण फुप्फुसाचा प्लेग माणसाकडून माणसाला होतो हेही ती जाणते. केवढी एकटी आहे ती!

आणि तुम्ही दुसऱ्या भागात तिला विचारायला काय लावलंत? “प्रोफेसर, प्लेग नेमका कशामुळे होतो?”

श्रोत्यांना माहिती मिळावी म्हणून ते वाक्य आहे हे कळतं मला. मग प्रश्न उलटा करा. तुमचे प्रोफेसर भौतिकशास्त्राचे आहेत. त्यांना रँड, टिळक, चापेकर यांच्या तारखा पाठ असतील, पण पिसवांचं काय ते त्यांना कशाला माहीत असणार? त्यांना विचारू दे, तिला सांगू दे. पहिल्यांदाच या नाटकात उत्तर तिच्याकडून येईल आणि दोघांमधलं नातं कान टवकारून ऐकण्यासारखं होईल.

आणखी एक वस्तू तिच्या पर्समध्ये टाका. चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी डॉक्टर पुष्कळदा डॉक्सीसायक्लिन देतात. तेच औषध प्लेगवर चालतं. समजा तिच्याकडे दहा कॅप्सूलचं एक पाकीट उरलंय. मोठ्या माणसाला दिवसाला दोन, दहा ते चौदा दिवस द्याव्या लागतात. म्हणजे तिच्याजवळ एका माणसाचा पुरता इलाजसुद्धा नाही, पाच दिवसांचाच आहे. शहर वाचवायचा प्रश्नच निकालात निघतो, प्रोफेसरांच्या “इतिहास बदलता येत नाही”ला धक्का लागत नाही, आणि तरीही एक निर्णय उरतो, जो फक्त तिचा आहे : कुणाला? त्यात आणखी एक गंमत आहे, क्रूर म्हणा हवं तर. गाठीच्या प्लेगमध्ये इलाज न झाल्यास साधारण 30 ते 60 टक्के रुग्ण दगावतात. म्हणजे काही जण औषधाशिवायही वाचतात. तिने औषध दिलेला माणूस जगला तर कॅप्सूलमुळे जगला की तसाही जगला असता, हे तिला कधीच कळणार नाही. मेला तर अर्धवट औषधाने मेला का, हेही नाही.

कुणाला, याचं उत्तर तुमच्याकडे तयार आहे : गोदू. वाड्यातली ही बालविधवा तुम्ही दोन प्रसंगांत आणलीत आणि सोडून दिलीत. मीराच्याच वयाची, केशवपन झालेली, तोंडाची तिखट. मीराला प्रोफेसरांव्यतिरिक्त बोलायला माणूस हवंच आहे. सोबती पात्र फक्त नायकाशीच बोलत असेल तर ते नायकाचा पडसाद होऊन बसतं, आणि श्रुतिकेत तर शब्दशः.

आता चौथा भाग, घरझडतीचा. मार्चच्या मध्यापासून सोजीर घरात शिरून तपासणी करू लागले आणि परपुरुष, तोही गोरा सोजीर, बायकांच्या काखा-जांघा तपासतो, हा त्या काळातला सगळ्यांत मोठा संताप होता. तुमच्या प्रसंगात बूट आहेत, आडणा काढल्याचा आवाज आहे, आजीचं पुटपुटत चाललेलं स्तोत्र आहे. आणि मीरा म्हणते, “प्रोफेसर, हे लोक काय करतायत?” हा प्रसंग असा लिहून बघा :

दुभाष्या : साहेब विचारतायत, आत बायका किती?

मीरा : तीन. मी बघते त्यांना. मला येतं हे काम.

प्रोफेसर : (हळू) मीरा, तू मध्ये पडू नकोस.

मीरा : तुम्ही बाहेर थांबा.

(दार लोटल्याचा आवाज. बूट आता दाराबाहेर. आत फक्त श्वास.)

गोदू : हात किती गार गं तुझे.

मीरा : नेहमीच असतात. सगळे हेच म्हणतात. हात वर कर. इथं दुखतं?

गोदू : नाही.

मीरा : गोदू.

गोदू : …काल रात्रीपासून.

दुभाष्या : (बाहेरून) झालं का हो?

मीरा : झालं. कुणाला काही नाही.

माझी भाषा नको, तुमच्या भाषेत लिहा. पण यात काय काय झालं ते बघा. बायकांची अब्रू वाचवायला ती पुढे झाली आणि त्याच क्षणी सरकारच्या यंत्रणेचा हात बनली. मग खोटं बोलून त्या यंत्रणेला फसवलं, आणि त्या खोट्याची जबाबदारी कायमची तिच्या डोक्यावर बसली. प्रोफेसरांना तिने दाराबाहेर काढलं. उद्या शेजारच्या खोलीतल्या मुलाला ताप भरेल. तो गोदूमुळे आलेला नसणार, पिसवांमुळे असणार, हे मीराला माहीत आहे. पण नक्की? रात्री तीन वाजता तिला ते नक्की वाटेल? पाचव्या भागात तुम्हाला दुसरं काही लिहावंच लागणार नाही. प्रोफेसर आणि ती यांच्यात एक खरंखुरं भांडण लिहा, ज्यात दोघांचंही बरोबर आहे. प्रोफेसरांना मूर्ख करू नका. “तू एकीला लपवलंस, बाकीच्यांना विचारलंस का?” हा त्यांचा प्रश्न बिनतोड आहे आणि मीराकडे त्याला उत्तर नसू दे.

या प्रसंगात “अगंबाई, ही बघ गाठ!” असं कुणी म्हणत नाही, हेही लक्षात घ्या. तुमच्या संहितेत मीरा रेडिओवरच्या क्रिकेट समालोचकासारखी सगळं सांगत सुटते : “तो बघा, सोजीर संदूक फोडतोय!” संदूक फुटल्याचा आवाज तुम्ही देणारच आहात, मग तिने तो पुन्हा का सांगायचा? श्रुतिकेत सोबत्याला डोळे व्हावं लागतं हे खरं. पण ते त्याचे स्वतःचे डोळे असू देत. तोच प्रसंग प्रोफेसरांना शिपायाच्या पलटणीच्या खुणांवरून दिसेल. मीराला दिसेल तो शिपायाचा कोवळा चेहरा, आणि हात न धुता एका घरातून दुसऱ्या घरात जाणारी माणसं. काय दिसलं यावरून कोण बघतंय ते कळतं, आणि हेच तिचं पात्र उभं करायचं सगळ्यांत स्वस्त साधन आहे. एक वाक्यही वाढवावं लागत नाही, नुसतं बदलावं लागतं.

तिसऱ्या भागात तर ती एका अख्ख्या लांब प्रसंगात खोलीत हजर आहे आणि गप्प आहे. रंगमंचावर गप्प माणूस दिसतो, इथे तो नाहीसाच होतो. तिला बाहेर तरी पाठवा, नाहीतर तिचा एक आवाज ठरवा. बांगड्या नकोत, बाई आली की बांगड्या हे आता पुरे. पाणी द्या. लॅबमधल्या सवयीने ती सारखी हात धुते. तांब्यातून पाण्याची धार पडली की मीरा खोलीत आहे हे श्रोत्याला कळू लागेल. (पिसवांवर हात धुण्याचा काही उपयोग नाही, हे तिलाही माहीत आहे. सवय ती सवय.)

आता एक भोक असं आहे जे त्या मुलीने तुम्हाला सांगितलं नाही, कदाचित भिडेखातर. तुमच्या मीराला आडनाव नाही.

1897 साली पुण्यातल्या ब्राह्मणाच्या वाड्यात दोन अनोळखी माणसं येतात, त्यांतली एक खांद्यापर्यंत केस कापलेली तरुण बाई, आणि कुणी जात विचारत नाही? “पाहुणे दिसतात, या, बसा” म्हणून वरची खोली देतात? असं होणार नाही. पहिला प्रश्न तोच येणार. त्या उत्तरावर पाणी कुठून मिळणार, पान कुठे वाढणार, आडावर जायचं की नाही, सगळं ठरणार. कुणाला ती मिशनवाली ख्रिस्तीण वाटेल, कुणाला आणखी काही. प्रोफेसर आपलं नाव सांगतील आणि सुटतील. मीरा काय सांगेल? खरं सांगेल? की आत घ्यावं म्हणून खोटं सांगेल, आणि मग सहा महिने ते खोटं सांभाळत त्याच आडाचं पाणी पिईल? गोदूला ते कधी कळेल, आणि कळल्यावर ती काय म्हणेल?

मीराचं आडनाव काय, हे मी सांगणार नाही, ते तुम्ही ठरवा. पण ठरवा. त्या एका निर्णयातून जेवढा भूतकाळ मिळेल तेवढा दारुड्या बापातून मिळणार नाही, शिवाय तो सांगावाही लागणार नाही, दाराशीच घडेल. आणि पहिल्याच भागात श्रोत्याला समजेल की प्रोफेसरांना जो काळ बघायला मिळतोय, तो मीराला सोसावा लागणार आहे. एकाच यंत्रातून उतरलेली दोघं एका काळात पोचलेलीच नाहीत.

याच्याच जवळचा एक मोह टाळा. सावित्रीबाई फुले याच साथीत, मुंढव्याच्या एका आजारी पोराला उचलून आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतच्या दवाखान्यात नेताना लागण होऊन, 10 मार्चला गेल्या. घरझडत्या सुरू व्हायच्या जेमतेम आधी. तारखा इतक्या जवळ आहेत की तुमचा हात शिवशिवणार. मीराची त्यांच्याशी भेट घडवू नका. एवढं मोठं माणूस प्रसंगात आलं की मीराला पुन्हा हात जोडून ऐकत उभं राहावं लागेल, आणि आपण तिला नुकतंच त्यातून सोडवलंय. बातमी येऊ द्या. वाड्यात ती कोण कशी सांगतं आणि मीरा ती ऐकून काय करते, एवढं पुरे. तिच्या आडनावाप्रमाणे तो प्रसंग फार वेगवेगळा होईल. टिळकांनाही “केसरी”च्या एखाद्या मोठ्याने वाचलेल्या अंकापुरतंच ठेवा.

एक किरकोळ गोष्ट. सहा भागांत कुणी हसत नाही. साथीतही माणसं हसतात, किंबहुना आचरटासारखी हसतात. गोदू आणि मीराला प्रोफेसरांच्या सुटणाऱ्या धोतरावर एकदा पोट धरून हसू द्या. चौथ्या भागाच्या आधीच द्या, म्हणजे त्या दोघींचं काहीतरी असेल जे मोडू शकेल. मीराला भूक लागू दे, तिचा चिडका स्वर येऊ दे, मोबाइल नाही म्हणून हात चाळवू देत. सतत सोज्वळ दुःखात असलेल्या माणसावर श्रोत्याचा जीव जडत नाही.

शेवटचा भाग. आत्ता प्रोफेसर आणि मीरा गणेशखिंडीच्या रस्त्याकडेला उभे राहून सगळं बघतात आणि आपल्याला सांगतात. प्रोफेसरांना जायचं तर जाऊ द्या, ते प्रेक्षकच आहेत. राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव, टेकड्यांवरच्या होळ्या, गव्हर्नमेंट हाउसमधून परतणाऱ्या बग्ग्या, आणि “गोंद्या आला रे” ही ठरलेली हाक. तुमचं नशीब बघा, इतिहासाने त्या कटाचा संकेतसुद्धा कानासाठीच ठेवला होता. पण मीरा तिथे नको. तिला त्या रात्री दुसरं काम आहे. गोदू जगली असेल तर तिच्याजवळ, नसेल तर शेजारच्या त्या मुलाजवळ. प्रोफेसर धापा टाकत येऊन सांगू लागतील, “झालं, मीरा, मी डोळ्यांनी पाहिलं!” आणि तिला ते ऐकायला वेळ नसेल. या नाटकाचा शेवट कुठला हे त्या दोघांचं वेगवेगळं असू दे. गोदूचं काय करायचं ते मी तुमच्यावर सोडतो. फक्त निकालाची पट्टी लावू नका. ती जगली म्हणून मीरा बरोबर, मेली म्हणून चूक, असा हिशेब कुणाच्या तोंडी नको.

ध्वनिमुद्रण जवळ आलंय, तेव्हा सगळं पुन्हा लिहीत बसू नका. पहिल्या भागातला दाराचा प्रसंग, दुसऱ्यातला तो प्रश्न, अख्खा चौथा भाग, पाचव्यातलं भांडण आणि सहाव्यात मीराची जागा, एवढंच बदला. सुरुवात चौथ्यापासून करा, कारण ती दार लावून घेते त्या क्षणी तुम्हाला तिचा आवाज सापडेल आणि मग आधीची वाक्यं आपोआप खटकू लागतील. पहिला भाग सगळ्यांत शेवटी. चौथा भाग झाला की लगेच त्या मुलीला बोलवा आणि मोठ्याने वाचायला लावा, गोदूचं काम करणारीला समोर बसवून. त्या दोघींना एकाच खोलीत, एकाच वेळी ध्वनिमुद्रित करा. वेगवेगळं मुद्रण करून नंतर जोडलंत तर तो श्वासांचा प्रसंग मरेल. एखाद्या वाक्यावर ती अडली, “मीरा असं नाही बोलणार” म्हणाली, तर वाद घालू नका, तिने सुचवलेलं लिहून घ्या.

आणि प्रोफेसरांचं ते “इतिहास बदलता येत नाही” सहा वेळा आलंय, त्यातलं एकच ठेवा. पाचव्या भागात. तेही त्यांना पुरं करू देऊ नका. “इतिहास बदलता…” एवढं झालं की मीराला म्हणू द्या, “मला गोदूला पाणी द्यायचंय, सरका.”